व्याख्यान संपल्यावरचा कागद

१८६७ सालच्या शरदात जेम्स स्टुअर्ट नावाचा चोवीस वर्षांचा तरुण उत्तर इंग्लंडमध्ये आगगाडीने सारखा फिरत होता. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा हा फेलो. लीड्स, शेफील्ड, मँचेस्टर आणि लिव्हरपूल या चार शहरांतल्या स्त्रियांच्या मंडळांनी त्याला बोलावून घेतलं होतं. विद्यापीठाची दारं तेव्हा बायकांना बंद होती. श्रोत्यांत कितीतरी जणी शाळांमधून किंवा घरोघरी जाऊन शिकवणाऱ्या होत्या, म्हणून विनंती होती ती अध्यापनकलेवर बोलण्याची. शिकवावं कसं हे सांगण्यापेक्षा काहीतरी शिकवलेलं बरं, असं स्टुअर्टला वाटलं आणि त्याने विषय घेतला खगोलशास्त्र.

अडचण आली ती वेगळ्याच बाजूने. व्याख्यान झाल्यावर तोंडी प्रश्न विचारून कोणाला किती समजलं ते पाहायचं, तर तरुण व्याख्याता आणि तरुण मुली यांच्यात भर सभेत सवालजवाब व्हावेत हे तेव्हाच्या शिष्टाचारात बसत नव्हतं. मग स्टुअर्टने प्रश्न कागदावर दिले. बायकांनी ते घरी न्यायचे, आठवडाभर विचार करून उत्तरं लिहायची आणि पाठवायची, त्याने ती तपासून परत द्यायची. त्याच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त उत्तरं आली. पुढे त्याचा अनुभव असा झाला की लेखी उत्तरांची ही पद्धत तोंडी प्रश्नांपेक्षा सरसच आहे. बोलून दिलेलं उत्तर हवेत विरतं, लिहिलेलं उत्तर लिहिणाऱ्यालाच अडवतं.

या लेखाचा विषय आहे व्याख्यानं ऐकून, त्यांचं परीक्षण लिहून अभ्यासक्रमात जादा गुण किंवा श्रेयांक मिळवणं. आपल्याकडे हा विषय निघाला की बोलणं हजेरीपाशी सुरू होतं आणि हजेरीपाशीच संपतं. कोण गेलं, कोणी सही केली, प्रमाणपत्र कुठून मिळतं. मी महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलं आहे आणि माझं ठाम मत असं आहे की खुर्चीवर बसण्याला एक गुणही देऊ नये. गुण द्यायचे ते स्टुअर्टच्या त्या कागदाला. पण हे पटण्यासाठी त्याची गोष्ट थोडी पुढे न्यायला हवी.

रॉचडेल हे गिरणीकामगारांचं गाव. तिथल्या प्रसिद्ध सहकारी संस्थेच्या सभागृहात स्टुअर्टची व्याख्यानं चालू होती. आकृत्यांचे मोठमोठे तक्ते भिंतीवर टांगून तो बोलत असे. एकदा व्याख्यान झाल्यावर निघायची घाई होती आणि पुढच्या आठवड्यात परत तिथेच यायचं होतं, म्हणून त्याने तक्ते तसेच टांगलेले ठेवले. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा सभागृह सांभाळणाऱ्या माणसाने त्याला सांगितलं की लोक आज व्याख्यानाच्या जरा आधीच येणार आहेत. मधल्या आठवड्यात त्यांनी त्या तक्त्यांवर आपापसांत चर्चा केली होती आणि त्यांचे प्रश्न साठले होते. तेव्हापासून व्याख्यानाच्या आधी किंवा नंतर प्रश्नोत्तरांचा एक वेगळा तास ठेवायची प्रथा पडली. व्याख्यान सगळ्यांसाठी, तास ज्यांना खणायचं आहे त्यांच्यासाठी.

१८७३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने हा उपक्रम अधिकृतपणे हाती घेतला. नॉटिंगहॅम, डर्बी आणि लेस्टर ही पहिली तीन गावं. विद्यापीठाच्या भिंतींबाहेर चालणाऱ्या या शिक्षणाची घडी लवकरच बसली. एका विषयावर बहुधा बारा व्याख्यानं, हातात छापील टाचण, दर आठवड्याला लेखी उत्तरं, त्याला जोडून प्रश्नोत्तरांचा तास आणि शेवटी परीक्षा. व्याख्यानाला कोणीही यावं, पण परीक्षेला बसून प्रमाणपत्र मिळवायचं तर आठवड्याची लेखी उत्तरं नियमित दिलेली हवीत. १८८० च्या दशकात केंब्रिजने आणखी एक पाऊल टाकलं. मान्यता मिळालेल्या केंद्रात तीन वर्षांचा ठरावीक क्रम पुरा करणाऱ्याला, पुढे विद्यापीठात आल्यास, पदवीसाठी लागणाऱ्या निवासाच्या काळातलं एक वर्ष माफ होऊ लागलं. फार थोड्यांनी ही सवलत वापरली, कारण कामगाराला किंवा शिक्षिकेला उरलेली दोन वर्षं केंब्रिजमध्ये राहणं परवडणार कसं? तरी तत्त्व मान्य झालं होतं. गावातल्या सभागृहात ऐकलेल्या व्याख्यानांचं, त्यावर लिहिलेल्या कागदांच्या बळावर, पदवीच्या हिशेबात मोल धरलं गेलं.

आपल्याकडचा ‘बहिःशाल’ हा शब्द याच परंपरेतला. शाळेच्या बाहेरचं ते बहिःशाल. पुणे विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ पहिले कुलगुरू डॉ. मु. रा. जयकर यांच्या नावाने व्याख्यानमाला भरवतं आणि तिच्या निमित्ताने वक्ते गावोगावच्या महाविद्यालयांत जातात. विद्यापीठाने बाहेर जाऊन बोलावं हा अर्धा भाग आपण घेतला. आठवड्याच्या लेखी उत्तरांचा अर्धा भाग मात्र मागे राहिला.

व्याख्यानांची तर आपल्याला कधीच वाण नव्हती. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी १८४८ मध्ये सभा काढली, तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या, निबंध वाचले जाऊ लागले. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि ती आजही चालू आहे. त्याच साली रानड्यांच्या पुढाकाराने स्वामी दयानंद पुण्यात आले. त्यांची पंधरा व्याख्यानं पुढे ग्रंथरूपाने निघाली. ती आज आपल्याला वाचता येतात, कारण त्या सभेत कोणीतरी कागद-लेखणी घेऊन बसलं होतं. नाशिकला मे महिन्यात गोदाकाठी रोज संध्याकाळी व्याख्यान असतं. ठाण्यात, दादरला, सांगली-कोल्हापुरात, तालुक्याच्या गावी गणेशोत्सवाच्या मांडवात आणि ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर बोलणारे आणि ऐकणारे भेटतात. तिकीट बहुतेक ठिकाणी नसतंच. एवढी मोठी मोफत शाळा उघडी असताना पहिल्या पाच रांगांत पिकलेली डोकी आणि मागे रिकाम्या खुर्च्या हे दृश्य मला दरवर्षी टोचतं. तरुण मुलांना रस नाही असं म्हणून मी हात झटकू शकत नाही. त्यांच्या वेळापत्रकात या संध्याकाळीला जागा नाही, कारण तिची कुठे नोंदच होत नाही.

आता ‘क्रेडिट’ या शब्दाकडे वळू. मुलं सर्रास ‘क्रेडिट’च म्हणतात, सरकारी कागदांत श्रेयांक असतो. अमेरिकेत ‘एक्स्ट्रा क्रेडिट’ म्हणजे बहुधा एकाच विषयातले वरचे थोडे गुण. प्राध्यापक सांगतात, की अमुक व्याख्यानाला जा, दोन पानं लिहा, अंतिम गुणांत थोडी भर पडेल. श्रेयांक ही त्याहून मोठी गोष्ट, ती अभ्यासाच्या वेळेचं माप आहे. तिचं मूळ शिक्षणशास्त्रात नाही, निवृत्तिवेतनात आहे. अँड्र्यू कार्नेगीने १९०५ मध्ये महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे कोणाला द्यायचे हे ठरवताना ‘महाविद्यालय’ म्हणजे नेमकं काय, हे ठरवावं लागलं. त्यासाठी प्रवेशाच्या अटी मोजायला हव्या होत्या, आणि मोजायला सोपं काय, तर तास. माध्यमिक शाळेत एका विषयाचे वर्षभरात सुमारे १२० तास म्हणजे एक एकक, असं माप रूढ झालं आणि महाविद्यालयांतही तासांवरून श्रेयांक मोजायची सवय पक्की झाली. माणूस किती शिकला हे त्या मापात कधीच नव्हतं.

आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्षाचे १२०० तास आणि ४० श्रेयांक धरले, म्हणजे एका श्रेयांकाला ३० तास. यात एक मोलाची गोष्ट आहे, जी फारसं कोणी बोलून दाखवत नाही. हे तास फक्त वर्गातले नाहीत. वाचन, लेखन, सराव, प्रकल्प असं शिकण्याशी जोडलेलं सगळं त्यात मोजता येतं. वर्गातल्या व्याख्यानाचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा हिशेब असतो, तेव्हाही विद्यार्थ्याने वर्गाबाहेर काम करावं हे गृहीत असतं. शिवाय महाराष्ट्राच्या पदवी आराखड्यात सहअभ्यासक्रमीय उपक्रमांसाठी स्वतंत्र रकाना आहे, त्यात राष्ट्रीय सेवा योजना, खेळ, कला येतात. व्याख्यानाच्या परीक्षणाला तिथे बसवणं अवघड नाही.

दोन श्रेयांकांचा हिशेब करून पाहू. साठ तास हवेत. दीड-दीड तासाची बारा व्याख्यानं म्हणजे अठरा तास. प्रत्येकाआधी तासभर वाचन, बारा तास. प्रत्येकावर दोन तास बसून परीक्षण, चोवीस तास. आणि सत्रात चार वेळा सगळ्यांनी दीड-दीड तास एकत्र बसून एकमेकांची परीक्षणं वाचायची, सहा तास. झाले साठ. या साठांत प्रत्यक्ष ऐकण्याचे तास तीसच टक्के आहेत आणि लिहिण्याचे सर्वांत जास्त. हे प्रमाण उलटं झालं की उपक्रम फसतो.

फसतो कसा, हे मी स्वतः अनुभवलं आहे. माझ्या नोकरीतल्या पहिल्या काही वर्षांत मी मुलांना सांगितलं, की गावात व्याख्यानमाला आहे, जा आणि अहवाल द्या, इंटर्नलचे पाच गुण. साठ अहवाल आले. दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते झालं, पुष्पगुच्छ कोणी दिला, सूत्रसंचालन आणि आभार कोणी केले, हे सगळं अचूक होतं. वक्त्याबद्दल एक वाक्य: त्यांनी विषयाचं अतिशय सुंदर विवेचन केलं. वक्ता काय म्हणाला ते तिघांच्याच कागदांत सापडलं. मुलांनी आळस केला नव्हता. वर्तमानपत्रात येतो तो वृत्तांत त्यांनी पाहिला होता आणि मी मागितलेल्या ‘अहवाला’चा अर्थ त्यांनी तोच घेतला होता. चूक माझ्या प्रश्नात होती.

सुंदर विवेचन या शब्दांवर विसंबणं किती धोक्याचं, याचा एक प्रयोग शिक्षणशास्त्रात प्रसिद्ध आहे. १९७० मध्ये अमेरिकेत वैद्यकीय शिक्षकांच्या एका परिषदेत डॉ. मायरन फॉक्स नावाच्या तज्ज्ञाचं व्याख्यान ठेवण्यात आलं. विषय होता डॉक्टरांच्या शिक्षणाला गणिती क्रीडासिद्धांत (गेम थिअरी) कसा लावता येईल हा. ओळख भारदस्त करून दिली गेली. वक्ता ऐटबाज, आवाज दमदार, मधूनमधून विनोद पेरलेले. तो होता मायकल फॉक्स नावाचा नट. विषयाचं ज्ञान शून्य. एका सर्वसामान्य वाचकांसाठीच्या लेखावरून त्याला तयार केलेलं आणि मुद्दाम दुटप्पी वाक्यं, एकमेकांना छेद देणारी विधानं, नवे बनवलेले शब्द पेरायला शिकवलेलं. श्रोत्यांत मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्याचे शिक्षक होते. नंतर दोन गटांना त्याचं चित्रीकरण दाखवलं. तीन गट मिळून ५५ जण, आणि बहुतेकांनी प्रश्नावलीत व्याख्यान चांगलं, विचाराला चालना देणारं असल्याचं नोंदवलं. एकाने तर या डॉक्टरांचं लिखाण पूर्वी वाचल्याचंही म्हटलं. संशोधकांनी १९७३ मध्ये हे सगळं प्रसिद्ध केलं.

ही माणसं मूर्ख नव्हती. त्यांना विचारलेले प्रश्न होते: वक्त्याने विषय रंजक पद्धतीने मांडला का? मांडणी सुसंगत वाटली का? भरपूर उदाहरणं दिली का? या प्रश्नांना ‘हो’ म्हणून मोकळं होता येतं. ‘वक्त्याचं मुख्य म्हणणं दोन वाक्यांत लिहा’ एवढं जरी त्या कागदावर असतं, तरी डॉ. फॉक्सचं बिंग तिथेच फुटलं असतं, असं मला वाटतं. पेन उचलल्यावर कळतं की लिहायला काहीच हाताशी लागलेलं नाही.

म्हणून पुढच्या वर्षी मी ‘अहवाल’ हा शब्द काढून टाकला आणि चारच प्रश्न ठेवले. वक्त्याचा दावा काय? त्यासाठी त्याने कोणते आधार दिले? त्यातला एक आधार तुम्ही स्वतः कुठे पडताळून पाहिला आणि काय सापडलं? तुम्हाला संधी मिळाली असती तर कोणता प्रश्न विचारला असता? बाकी पान मोकळं.

पहिला प्रश्न सोपा वाटतो आणि तोच सर्वांत अवघड निघतो. आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेत त्याला पूर्वपक्ष म्हणतात. ज्याचं खंडन करायचं त्याचं म्हणणं आधी इतकं नीट मांडायचं की त्यानेही मान डोलवावी. परीक्षण म्हणजे दोष काढणं, असं समजून मुलं थेट उत्तरपक्षावर उडी मारतात. वक्ता घड्याळाकडे पाहत होता, माईक खरखरत होता, असल्या गोष्टींनी पान भरतं. या नोंदी चुकीच्या नाहीत, पण आधी पूर्वपक्ष उभा राहायला हवा.

मांडणी ओळखायला मी कीर्तनाचा आधार घ्यायला सांगत असे आणि तो मुलांना पटकन कळायचा. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात बुवा एक अभंग घेऊन तत्त्वाचं निरूपण करतात, मध्ये नामाचा गजर होतो, मग उत्तररंगात त्याच तत्त्वासाठी आख्यान लावतात. व्याख्यानातही निरूपण आणि आख्यान असतंच. परीक्षकाने विचारायचं ते असं: या आख्यानाने त्या निरूपणाला खरंच आधार दिला का? की गोष्ट रंगली, टाळ्या पडल्या आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहिला? मागच्या बाकावरच्या एका मुलीने एकदा लिहिलं होतं, की वक्त्यांचा उत्तररंग चांगला होता, पण तो दुसऱ्याच अभंगाचा होता. तिला मी पाचांपैकी पाच दिले.

तिसऱ्या प्रश्नाचं काम कसं चालतं ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, दुष्काळावरच्या व्याख्यानात वक्ते म्हणाले की रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळातून जन्मली. वाक्य ओळखीचं आहे, सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. विद्यार्थ्याने ग्रंथालयात अर्धा तास घातला तर त्याला वि. स. पागे हे नाव भेटेल. त्यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात १९६५ मध्येच या कल्पनेचा प्रयोग झाला होता हे कळेल. राज्यभर योजना आली ती १९७२ मध्ये, दुष्काळाने तिला भलतंच बळ दिलं, कायदा १९७७ मध्ये झाला आणि अंमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. मग त्याच्या परीक्षणात असं काहीसं येईल: दुष्काळामुळे योजना पसरली हे वक्त्यांचं म्हणणं खरं, पण ती दुष्काळातून सुचली हे म्हणणं टिकत नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मग प्रश्न पडतो की संकट नसतानाही कामाच्या हक्काचा विचार कोणी आणि का केला. वक्त्याला खोटं पाडल्याचा आव इथे नाही, वाक्य जरा सरळ केलं आहे एवढंच. ज्या मुलाने हे एकदा केलं, तो पुढच्या व्याख्यानात ‘जन्मली’, ‘मूळ’, ‘पहिल्यांदाच’ हे शब्द आले की सावध होऊन बसतो.

शेवटचा प्रश्न लाजऱ्या मुलांसाठी. सभेत उठून बोलायचं धाडस अनेकांना होत नाही, गावाकडून आलेल्या मुलांना तर शहरी सभागृहात अधिकच अवघडल्यासारखं होतं. कागदावर प्रश्न लिहायची सवय लागली की तिसऱ्या-चौथ्या व्याख्यानाला हात वर होतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

टिपणं कशी घ्यावीत यावर बरंच लिहिलं गेलं आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांची पद्धत सोपी आहे: पानाच्या डाव्या बाजूला अरुंद रकाना सोडायचा, उजवीकडे ऐकताना नोंदी, नंतर डावीकडे प्रश्न आणि कळीचे शब्द, तळाशी दोन-तीन ओळींत सार. मला त्यातला ‘नंतर’ सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो नंतरही त्याच रात्री यावा. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांचे आकडे दिले. पाठ केलेली निरर्थक अक्षरं पुन्हा शिकताना, तासाभरानंतर निम्म्याहून कमी आणि दिवसभरानंतर जेमतेम एक तृतीयांश श्रम वाचत होते. अर्थपूर्ण बोलणं त्याहून जास्त टिकतं हे खरं, पण उताराची दिशा तीच. रविवारी सबमिशन म्हणून शनिवारी रात्री लिहायला बसलेल्या मुलाच्या हाती सोमवारच्या व्याख्यानातला एखादा विनोदच उरलेला असतो.

काही अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्यांवर बोलायलाच हवं. पहिली वेळापत्रकाची. आपल्या वसंत व्याख्यानमाला एप्रिल-मेमध्ये, परीक्षांच्या किंवा सुटीच्या दिवसांत. सत्राचे श्रेयांक तेव्हा बंद झालेले असतात आणि मुलं गावी गेलेली असतात. सुटीतलं काम पुढच्या सत्रात धरायची मुभा दिली तर हा प्रश्न सुटेल, आणि गावी गेलेल्या मुलाला त्याच्या तालुक्यातलं व्याख्यानही चालेल. दुसरी अडचण त्याहून नाजूक आहे. जादा गुण ज्यांना संध्याकाळ मोकळी आहे त्यांनाच मिळतात. माझ्या वर्गात एक मुलगा रात्री पेट्रोलपंपावर काम करायचा. वसतिगृहातल्या मुलींना आठच्या आत परतावं लागे आणि व्याख्यान सुरू व्हायचं साडेसहाला. अशांना ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकून लिहायची सोय सुरुवातीपासूनच, न मागता द्यावी. ध्वनिमुद्रणाचा एक फायदाही आहे, एखादं विधान परत मागे जाऊन तपासता येतं. सभेतला चेहरा, शांतता, शेजारच्या आजोबांची हळू आवाजातली टिप्पणी यांना मात्र तो श्रोता मुकतो. तिसरी अडचण नवी आहे. सारांश आता यंत्राकडून मिनिटभरात मिळतो. म्हणूनच सारांशाला गुण ठेवू नयेत. श्रोत्यांपैकी कोणी काय विचारलं, वक्ता कुठे अडखळला आणि तुम्ही कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर काय पडताळलं, हे त्या संध्याकाळी तिथे असलेल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेलेल्या माणसालाच लिहिता येतं.

आणखी एक गोष्ट स्टुअर्टला उमगली होती आणि आपल्या व्याख्यानमालांना अजून उमगायची आहे. सुट्या व्याख्यानांवर त्याचा विश्वास नव्हता. आज धूमकेतू, उद्या शेक्सपिअर, परवा वाफेचं इंजिन अशा एकेका संध्याकाळीने करमणूक होते, शिक्षण होत नाही, म्हणून त्याने एका विषयाची सलग मालिका धरली. आपल्याकडे बहुतेक व्याख्यानमालांत रोज नवा विषय, नवा वक्ता. विद्यार्थ्याने बारा व्याख्यानं निवडताना त्यातून स्वतःचा धागा काढावा. पाणी म्हटलं की धरणावरचं, शेतीवरचं, शहराच्या नियोजनावरचं आणि संतसाहित्यातल्या नदीवरचंही व्याख्यान एका माळेत येतं. अशी व्याख्यानं वर्षभरात बाराच्या वर सहज मिळतात.

व्याख्यानाच्या टिपणांनी आयुष्य बदललेला सर्वांत मोठा विद्यार्थी कुठल्याच महाविद्यालयात नव्हता. मायकेल फॅरडे लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. जॉन टेटम यांच्या घरी होणाऱ्या विज्ञानाच्या व्याख्यानांना तो जायचा. प्रवेश एक शिलिंग, ते भाऊ द्यायचा. आकृत्या नीट काढता याव्यात म्हणून तो चित्रकलेतलं यथादर्शन शिकला. सभेत तो महत्त्वाचे शब्द तेवढे टिपायचा आणि घरी येऊन सगळं व्याख्यान पुन्हा बांधायचा. १८१२ मध्ये दुकानाच्या एका ग्राहकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. ती ऐकून विशीतल्या या मुलाने तीनशेहून अधिक पानं सचित्र लिहून काढली, स्वतःच्या हातांनी बांधली आणि वर्षअखेरीस डेव्हीकडे पाठवली. १८१३ च्या मार्चमध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून रुजू झाला.

एवढी गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मला तिच्या पुढचे तीन महिने अधिक आवडतात. त्या जूनमध्ये फॅरडेने बेंजामिन ॲबट या मित्राला ओळीने काही पत्रं लिहिली, आणि त्यांचा विषय होता व्याख्यान कसं असावं. आता तो रोज मोठमोठ्या वक्त्यांच्या मागे उपकरणं मांडत उभा असायचा आणि तिथून त्यांना पारखत होता. सभागृहात हवा खेळती हवी. येण्याजाण्याची वाट मोकळी असावी. वक्त्याने घाईने बोलू नये. टाळ्यांची भीक मागू नये. प्रयोग विषयासाठी असावा, दिखाव्यासाठी नसावा. आणि कोणीही एका तासाहून जास्त बोलू नये. ज्याला स्वतःला अजून कोणी व्याख्यानाला बोलावलेलं नव्हतं, असा एकवीस वर्षांचा मदतनीस हे लिहीत होता. बारा वर्षांनी, १८२५ मध्ये, तो त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेचा संचालक झाला. तिथल्या शुक्रवारच्या संध्याकाळच्या व्याख्यानांची आणि मुलांसाठीच्या नाताळच्या व्याख्यानांची सुरुवात त्याच सुमाराची, आणि त्या सभागृहात नंतर तो स्वतः वर्षानुवर्षं बोलत राहिला.

माझ्या वर्गात पाच गुण संपल्यावरही चार-पाच मुलं परीक्षणं लिहीत राहायची. त्यांना मी एकच सुचवत असे, की कागद माझ्याकडे देऊ नका, वक्त्याला पाठवा. पत्ता संयोजकांकडे मिळतो. एका मुलाला उत्तर आलं होतं, पोस्टकार्डावर, तिरप्या अक्षरात. त्याने दाखवलेली सालाची चूक वक्त्यांनी मान्य केली होती आणि खाली पुढच्या व्याख्यानाची तारीख लिहून विचारलं होतं, येणार का.